पाच खाचांची काठी

नोव्हेंबरात आयर्लंडमधल्या कॉर्कला पाचच्या आत दिवेलागण होते. पाऊस पडतोय असंही म्हणवत नाही आणि उघडलाय असंही नाही; हवाच ओली असते. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात टेबलावर पांढरा रुमाल अंथरला होता, त्यावर वीस काठ्या पसरल्या होत्या, आणि डोळे मिटून मी त्यांतली एक उचलली. वीतभर लांब, फिकट, हाताला गुळगुळीत. लांबीच्या दिशेनं एक सरळ रेघ, आणि त्या रेघेच्या एकाच अंगाला पाच खाचा.

आजींनी ती माझ्या हातातून घेतली, खाचांवरून अंगठा फिरवला. "निओन," त्या म्हणाल्या. "म्हणजे ॲश. आपल्या बांधावरचाच आहे हा."

इथे थोरामोठ्यांनाही नावानंच हाक मारतात, मीही त्यांना तशीच मारते. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून आजीच आहेत, म्हणून इथेही तसंच लिहिते.

प्रश्न मनात ठेवायचा, बोलायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. आता सांगायला हरकत नाही. ज्या कंपनीत मी अकरा वर्षं काम केलं तिनं ऑक्टोबरात पत्र दिलं, की आमचा विभाग मार्चअखेर बंद होईल. नवऱ्याचं काम चालू आहे, पण करार वर्षावर्षाचा. मुलगा नऊ वर्षांचा, इथेच जन्मलेला. आणि सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी बाबा गेल्यापासून आई एकटी. फोनवर रोज एकच वाक्य, "मी बरी आसंय." मी डोळे मिटले तेव्हा मनात तीनच शब्द होते: घरी जाऊ का?

अशा दिवसांत माणूस कुठेकुठे विचारत फिरतो. मीही फिरले. वहीत दोन रकाने पाडून हिशेब मांडले, मैत्रिणींना विचारलं, मोठ्या दिराला विचारलं. जो तो शहाणपणाचंच बोलला, आणि प्रत्येकाचं शहाणपण वेगळ्या दिशेला बोट दाखवत होतं. म्हणून आजी जेव्हा म्हणाल्या, काठ्या काढायच्या का, तेव्हा मी हो म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

त्या काठ्या त्यांच्या यजमानांनी केलेल्या. ते कामान करायचे. कामान म्हणजे हर्लिंग या इथल्या खेळाची काठी, टोकाला रुंद पातं असलेली. ती ॲशचीच लागते, आणि तीसुद्धा बुंध्याच्या अगदी तळातून काढलेली. खोड जिथे वळून मूळ होतं तिथले रेषेही लाकडासोबत वळतात, आणि ते वळण पात्यात उतरलं तरच काठी फटका सोसते. असं हे माणसांपेक्षा लाकडाशी जास्त बोलणारं घर. थोरल्या लेकीनं केव्हातरी एक पुस्तक आणलं, 'द सेल्टिक ट्री ऑरॅकल', लिझ आणि कॉलिन मरे यांचं, 1988 सालचं. सोबत झाडांच्या चित्रांचे पत्ते. एकेका झाडाला जुन्या ओघम लिपीतलं एकेक अक्षर आणि एकेक अर्थ. यजमानांनी पत्ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, झाडाला विचारायचं तर झाड हातात नको का? मग वर्षभर हिंडून त्यांनी ज्या त्या अक्षराची काठी ज्या त्या झाडाची केली. बर्च, रोवन, आल्डर, विलो, ॲश. हॉथॉर्न, ओक, हॉली, हेझल, सफरचंद. यूची काठी कबरस्तानातल्या जुन्या झाडाच्या वाळक्या फांदीची. द्राक्षवेल या बेटावर रानात उगवत नाही, म्हणून तिच्या जागी ब्लॅकबेरीचा जाड काटेरी वेल तासून घातला. हॉथॉर्नला त्यांनी कोयता लावला नाही. वादळात पडलेली फांदी मिळेपर्यंत थांबले. शेतात एकट्या उभ्या असलेल्या हॉथॉर्नला इथे अजूनही कुणी हात लावत नाही. 1999 साली क्लेअर परगण्यात लाटून इथे नव्या महामार्गाच्या वाटेत असं एक झुडूप आलं. एडी लेनिहान या कथेकऱ्यानं जाहीर सांगितलं, की हे परींचं ठिकाण आहे, तोडू नका. रस्ता झुडपाला बगल देऊन गेला. देवराईच्या गावातून आलेल्या मला त्यात नवल असं काही वाटलं नाही. उलट पहिल्यांदा या देशात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

तर ती काठी मी घरी आणली. पुस्तकात ॲशच्या पानावर बरंच लिहिलेलं होतं, आतलं आणि बाहेरचं जग कसं जोडलेलं असतं त्याबद्दल. वाचलं, पटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न होता तिथेच होता. मग वाटलं, हे सगळं ज्या लिपीवर उभं आहे ती लिपी तरी नीट पाहावी. म्हणून त्या रविवारी मुलाला घेऊन केरी परगण्यात गेले.

किलार्नीच्या पश्चिमेला, डनलोच्या खिंडीजवळ, रस्त्याच्या कडेला आठ दगड उभे आहेत. वर ढग, मागे डोंगर, आजूबाजूला मेंढ्या. यातले सात 1838 साली जमिनीखालच्या एका दगडी भुयारात सापडले. कुणीतरी पुढच्या काळात त्यांचा भुयाराच्या छताला तुळया म्हणून उपयोग केला होता. भुयार बांधणाऱ्यांना ती अक्षरं वाचता येत होती की नाही कोण जाणे. त्यांना लांब, मजबूत दगड हवे होते. असे ओघम दगड आज सुमारे 400 शिल्लक आहेत, सगळ्यांत जास्त याच केरीत, काही समुद्रापलीकडे वेल्समध्ये, मॅन बेटावर, स्कॉटलंडात. बहुतेक पाचव्या-सहाव्या शतकातले. लिहायचं ओघम, इथल्या तोंडात त्याचं 'ओअम' होतं.

दगडाची कडा हीच या लिपीची शिरोरेघ. कडेच्या एका बाजूला एक ते पाच रेघा, दुसऱ्या बाजूला एक ते पाच, कडेला छेदून तिरक्या एक ते पाच, आणि कडेवरच एक ते पाच टिंबं किंवा आखूड खाचा. झाली वीस अक्षरं. वाचायचं खालून वर. मधल्या काळातल्या आयरिश पंडितांनी म्हणून ठेवलंय की ओघम वाचायचा तो झाडावर चढतात तसा, बुंध्यापासून. अक्षराला त्यांचा शब्द 'फिध'. त्याचाच अर्थ लाकूड, झाड. मुलगा गुडघ्यांवर बसला आणि कडेवरून बोट वर वर नेत रेघा मोजू लागला. मीही बोट लावलं. दीड हजार वर्षांच्या पावसानं खाचांच्या कडा बोथट झाल्या आहेत, तरी बोटाला त्या लागतात. डोळ्यांपेक्षा बोटालाच नीट कळतात.

आणि लिहिलंय काय? नाव. अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा. 'मक्वि' म्हणजे मुलाचा. आज आडनावांच्या आधी जो 'मॅक' लागतो तो हाच. बहुतेक लेख षष्ठी विभक्तीत आहेत: 'चा' आहे, पण कुणाचं काय, ते लिहिलेलं नाही. दगड त्याचा? जमीन त्याची? आठवण त्याची? जुन्या आयरिश कायद्यात जमिनीच्या हक्काचा पुरावा म्हणून ओघम दगडाचा उल्लेख येतो. आमच्या बाबांच्या लोखंडी पेटीत सातबाराचे उतारे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले असत, त्यांची आठवण झाली. दगडांवर प्रश्न नव्हता, भविष्य नव्हतं, झाडंही नव्हती. मी कुणाची, एवढंच. थंडीनं बोटं बधिर झाली होती, पण तिथून पाय निघेना.

मग झाडं आली कुठून? हे समजून घेण्यात माझा तो हिवाळा गेला, आणि ते दिवस मला फार मोलाचे वाटतात. नोकरी चालली होती, पण रात्री वाचायला काहीतरी होतं.

1390 च्या आसपास लिहिलेली एक मोठी हस्तलिखित पोथी आहे, 'बुक ऑफ बॅलिमोट', डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीत. तिच्यात कवींना शिकवण्यासाठी रचलेले जुने व्याकरणाचे ग्रंथ उतरवून ठेवले आहेत. सगळ्या अक्षरांना झाडांची नावं आहेत, ही कल्पना त्या ग्रंथांत ठळकपणे येते. आधुनिक अभ्यासक त्या मताला पूर्ण मान्यता देत नाहीत. डेमियन मॅकमॅनस यांनी 1991 सालच्या 'अ गाइड टू ओगम' या पुस्तकात एकेक नाव सोलून पाहिलं आहे. बेह म्हणजे बर्च, दाइर म्हणजे ओक, कोल म्हणजे हेझल, फर्न म्हणजे आल्डर, साइल म्हणजे विलो; ही नावं खरोखर झाडांची. आणखी मोजक्याच काही अक्षरांचं तसं म्हणता येतं. उरलेल्या नावांचे अर्थ वेगळेच होते. पुढच्या पंडितांनी त्यांनाही झाडं दिली, कारण रांग पुरी व्हायला हवी होती.

दाइरपाशी मी बराच वेळ थांबले. जुन्या आयरिशमध्ये 'दउर'. आपलं 'दारु' म्हणजे लाकूड, तेच ज्यात आहे त्या देवदारातलं. भाषाशास्त्रात हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानतात. डेरी हे शहर म्हणजे ओकची राई, किल्डेअर म्हणजे ओकपाशी असलेलं चर्च. आणि 'ड्रुइड', म्हणजे जुन्या सेल्टिक लोकांचा पुरोहित, या शब्दाची सर्वांत मान्य व्युत्पत्तीही तीच: 'दारु'चा भाऊबंद 'द्रु' आणि 'वेद'मधला 'विद्'. झाड जाणणारा. सिंधुदुर्ग आणि केरी यांच्यामध्ये समुद्र किती आहे ते मला विमानाच्या तिकिटावरून ठाऊक आहे. पण हा एक शब्द दोन्ही किनाऱ्यांवर आधीच येऊन बसलेला होता.

आता राहिलं शकुनाचं. प्लिनी हा रोमन लेखक इसवी सनाच्या पहिल्या शतकात सांगतो, की ड्रुइड ओकला आणि त्यावरच्या मिसलटो या बांडगुळाला पवित्र मानत. पांढरी वस्त्रं नेसून, चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी, सोन्याच्या कोयत्यानं ते कापत. त्यात काठ्या टाकणं नाही. झाडाच्या फांदीचे तुकडे करून, त्यांवर खुणा करून, पांढऱ्या कापडावर टाकून त्यांतले तीन उचलण्याची रीत टॅसिटस या रोमन इतिहासकारानं 98 साली नोंदवली आहे. पण ती जर्मन टोळ्यांची. आजींच्या टेबलावरचा रुमाल त्या वर्णनातून आला असावा असं मला वाटतं. पुढे 1948 साली रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीनं 'द व्हाइट गॉडेस' लिहिलं, आणि ओघमच्या झाडांमधून 28 दिवसांच्या तेरा महिन्यांचं, वर एक जादा दिवस असलेलं, झाडांचं वर्ष रचलं. आज जे 'सेल्टिक वृक्षराशी' म्हणून सांगितलं जातं त्याचं मूळ तिथे आहे. त्याचे आजोबा चार्ल्स ग्रेव्ह्ज हे लिमरिकचे बिशप आणि आयुष्यभर ओघमचा अभ्यास करणारे विद्वान होते. नातवानं आजोबांच्या वाटेनं जायला हवं होतं, असं मला अभ्यासाच्या बाजूनं वाटतं. पण नातवानं केलं ते एका कवीचं काम होतं, आणि त्या कामानं युद्धानंतरच्या काळात कितीतरी लोकांना पुन्हा झाडांची नावं शिकवली, हेही खरं आहे. म्हणजे माझ्या हातातली रीत दोन हजार वर्षांची नाही. माझ्या आईहून फार मोठी नाही. हे कळल्यावर ती मला खोटी वाटली नाही. तिचं वय कळलं, एवढंच.

एक धागा मात्र खरोखर जुना आहे. आयरिशमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरवण्याला 'क्रानखुर' म्हणतात. 'क्रान' म्हणजे झाड, लाकूड, आणि 'कुर' म्हणजे टाकणं. इथल्या राष्ट्रीय लॉटरीचं आयरिश नाव आजही हेच आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात दर शनिवारी लोक तिकीट घेतात ते शब्दानं तरी लाकडंच टाकत असतात.

आणि एक गोष्ट आहे. 'तोहमार्क एटीने', म्हणजे एटीनची मागणी. टाराचा राजा एओखिद आणि त्याची राणी एटीन. दुसऱ्या जगातला मिदिर येतो. तो तिचा आधीच्या जन्मातला नवरा. तो राजाशी पटावर खेळतो, जिंकतो, आणि भर दरबारातून एटीनला घेऊन जातो. दोघं हंस होतात आणि छताच्या झरोक्यातून उडून जातात. राजा आयर्लंड पालथं घालतो. राणी सापडत नाही. शेवटी दालान नावाचा ड्रुइड यूच्या चार काठ्या करतो, त्यांवर ओघम कोरतो, आणि त्या काठ्यांवरून त्याला कळतं: एटीन ब्री लेथच्या टेकडीत आहे. ती टेकडी आजही लाँगफर्ड परगण्यात आर्डा गावाजवळ आहे. सगळ्या जुन्या वाङ्मयात झाडाच्या काठ्यांना ओघमनं प्रश्न विचारल्याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरा माहीत नाही.

काठ्यांनी खरं सांगितलं होतं. राजा टेकडी खणू लागतो. मिदिरला नमावं लागतं. तो राणी परत द्यायला तयार होतो, पण समोर आणतो त्या पन्नास बायका, सगळ्या एटीनसारख्या. तोच चेहरा, तोच वेश. ओळख, म्हणतो, आणि घेऊन जा. राजा ठरवतो की पेय ओतून देण्यात एटीनचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून एकेकीला ओतायला लावू. निवडतो. चुकतो. निवडलेली त्याची स्वतःची मुलगी असते, एटीन गेली तेव्हा तिच्या पोटात असलेली.

ही गोष्ट मी बसमध्ये वाचली आणि माझा थांबा गेला. पुढच्या थांब्यावर उतरून पावसातून मागे चालत आले. काठ्यांनी जागा सांगितली होती. टेकडीवर गेल्यावर आपलं माणूस ओळखायचं काम त्या काठ्यांचं नव्हतं, आणि नेमकं तिथेच राजा एका हुशार युक्तीच्या भरवशावर राहिला. मला माझी दोन रकान्यांची वही आठवली.

त्या रात्री आईला फोन लावला. आईला मी काठ्यांचं सगळं सांगितलं. तिला काही वेगळं वाटलं नाही. आमच्या गावी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगाला पाकळ्या लावतो. उजवी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, घरभरणी, भावकीतला तंटा, कशासाठीही. लहानपणी मी सभामंडपात आईच्या पदराला धरून उभी असायची. पाकळी सुटेपर्यंतची ती शांतता मला अजून आठवते: समईचा वास, कुणाचा तरी खोकला, आणि सगळ्यांची नजर एका पाकळीवर. मिनिटं जायची. कधी कधी अर्धा तास. त्या वेळात जो माणूस कौल मागायला आलेला असे त्याचा चेहरा बदलत जायचा. कित्येकदा पाकळी पडायच्या आधीच त्याला काय हवंय ते आम्हा पोरांनाही कळलेलं असायचं.

"बरा," आई म्हणाली. "पण तू काय इचारलंस ता आधी सांग."

मी सांगितलं. घरी जाऊ का.

ती गप्प झाली. मागे रेडिओ चालू होता. मग म्हणाली, "खयच्या?"

खयच्या. कुठल्या. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. अकरा वर्षं मी तिकडे सुट्टीला 'घरी' जाते आणि सुट्टी संपल्यावर इकडे 'घरी' येते, आणि हा शब्द दोन्ही वेळा तोंडातून तितक्याच सहज निघतो. गुरव असता तर त्यानं गाऱ्हाणं घालायच्या आधीच हटकलं असतं. देवापुढे मोघम बोलायचं नसतं. कुणाच्या तब्येतीसाठी, कुणाच्या जमिनीसाठी, नाव-गाव घेऊन सांगावं लागतं. डनलोच्या दगडांवरही नावच होतं.

निओनचं उरलेलं मला त्यानंतर कळलं. या अक्षराचं जुनं नाव 'निन'. ते ॲशचं नावच नव्हे. पुढे ॲश त्याच्या वाट्याला आला. गंमत अशी, की ॲशला जुन्या आयरिशमधला एक शब्द होता 'ओन', आणि तो अक्षरमालेत दुसऱ्याच जागी आहे, जिथे तक्त्यात आता गॉर्सचं पिवळ्या फुलांचं झुडूप दाखवतात. मग 'निन' म्हणजे काय? शब्दकोशातला अर्थ: बेचकं. किंवा माळा.

बेचकं म्हणजे फांदी जिथे दोन होते ती जागा. मी बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत बसले. आणि माळा म्हणजे आमच्या घराचा, जिथे भात आणि सुके नारळ ठेवलेले असत आणि जिथे शिडी लावून चढल्यावर सगळं घर वरून दिसायचं, बोलणारी माणसं वरून दिसायची. झाडांच्या शकुनाचं पुस्तक लिहिणाऱ्यांनी हे दोन अर्थ दिले नव्हते. मला मात्र त्यांनीच धरून ठेवलं. हा शकुन मानायचा तर मी मानते. ज्या अक्षराचा अर्थ बेचकं आहे ते अक्षर त्या संध्याकाळी माझ्या हातात आलं, आणि मी ते उगाच आलं असं म्हणणार नाही.

आजींना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, चल, दाखवते. गमबूट चढवून आम्ही बांधावर गेलो. ॲश हिवाळ्यात ओळखायची खूण त्यांनीच मला शिकवली: राखाडी फांदीच्या टोकावर काळ्या कळ्या, काजळीत बुडवून काढल्यासारख्या. दुसऱ्या कुठल्या झाडाच्या कळ्या इतक्या काळ्या नसतात. वसंतात हे झाड सगळ्यांत शेवटी पालवतं, आणि शरदात लवकर उघडं होतं. फांद्या समोरासमोर फुटतात, म्हणून जिकडे पाहावं तिकडे बेचकीच बेचकी. मी वर पाहिलं. शेंड्याकडच्या फांद्यांवर कळ्याच नव्हत्या. साल ठिकठिकाणी काळपट, शंकरपाळ्याच्या आकारात खोल गेलेली.

"दोन वर्षं झाली," आजी म्हणाल्या.

ॲशचा हा रोग एका बुरशीचा आहे. पूर्व आशियातल्या ॲशबरोबर ती सुखानं राहते; युरोपातल्या ॲशला तिची सवय नाही. आयर्लंडमध्ये ती पहिल्यांदा 2012 साली लेट्रिम परगण्यात सापडली, बाहेरून आणलेल्या रोपांवर. आता देशभर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटावर जंगल उरलं होतं ते जेमतेम एक टक्का. आज सुमारे अकरा टक्के आहे, त्यातलंही बरंचसं परदेशी सूचिपर्णी लावणीचं. म्हणजे ज्या लोकांनी अक्षराला झाड म्हटलं, ज्यांच्या आठव्या शतकातल्या कायद्यात 28 झाडांच्या चार पायऱ्या लावून, झाड तोडणाऱ्याला दुभत्या गाईंच्या मापात दंड सांगितला होता, आणि त्यात ॲशची जागा सगळ्यांत वरच्या पायरीवर, ओक आणि हेझलच्या शेजारी होती, त्यांच्या भूमीवर झाडं उरली ती मुख्यतः बांधांवर. आणि बांधावर ॲशच जास्त. तीच आता चालली आहेत. थोडी झाडं मात्र तग धरतात. इथले शास्त्रज्ञ अशा झाडांच्या फांद्या शोधून, त्यांची कलमं करून वाढवत आहेत. हे काम पुरं व्हायला किती वर्षं लागतील याचा आजींना हिशेब करायचा नव्हता. त्यांनी खोडावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. यजमान गेल्याला सहा वर्षं झाली. त्यांनी शेवटची कामान याच ओळीतल्या झाडाची केली होती.

मी ज्या झाडाला विचारलं ते झाड स्वतःच आपल्या शेवटच्या हिवाळ्यात होतं. मला त्या संध्याकाळी फार लाज वाटली, की काठी घेऊन मी पुस्तक उघडलं होतं, केरीला गेले होते, पोथ्यांचे दाखले शोधले होते, आणि दीडशे पावलांवरच्या बांधावर गेले नव्हते. ज्याला विचारायचं त्याच्याकडे आधी पाहावं लागतं. गुरव देवाला आंघोळ घालतो, फुलं वाहतो, मग विचारतो. पहाटे तोच देव्हारा पुसतो. त्यानंतर जानेवारीभर मी रोज कामावरून आल्यावर बांधावर जात होते. काही मागायला नाही. कळ्या किती उरल्या ते बघायला. त्या फेऱ्यांमध्येच केव्हातरी आईचं "मी बरी आसंय" मला नीट ऐकू आलं. तोवर मी त्यातला 'बरी' ऐकत होते. नंतर 'मी' ऐकू आलं. एकटा 'मी'.

रस्त्याला लागून असल्यानं झाड फेब्रुवारीत पाडावं लागलं. वारा सुटला की फांद्या गळत होत्या. आजींनी पाडणाऱ्यांना बुंधा मुळांसकट मागितला. रोग तळापर्यंत उतरलेला नव्हता. यजमानांच्या जुन्या जोडीदारानं त्यातून दोन कामान काढल्या. एक आजींच्या नातवाला, एक माझ्या मुलाला. त्याच्या उंचीचं माप घेऊन. पकडायच्या टोकाला आतल्या बाजूनं पाच खाचा कोरल्या आहेत. बोटाला लागतात.

आता आईला विचारून झालं आहे. नाव घेऊन, गाव घेऊन. आधी तिच्याकडे जायचं. पुढचं तिच्या माळ्याखाली बसून, चौघांनी ठरवायचं. माझं तिकीट 2 एप्रिलचं आहे. मुलाची शाळा जूनअखेरीस संपते, तेव्हा तो आणि त्याचे बाबा निघतील. तोवर तिकडे पाऊस लागलेला असेल. कामान माझ्या बॅगेत मावली नाही. तो ती स्वतः हातात घेऊन येणार आहे.